स्वयंपाकघरातील श्रवणाची तजवीज

पुण्याचे आकाशवाणी केंद्र १९५३ साली सुरू झाले आणि १९५५ च्या रामनवमीपासून त्याच केंद्रावरून ग. दि. माडगूळकर व सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ आठवड्यास एक गीत या क्रमाने वर्षभर प्रसारित होत राहिले. त्या काळी ज्या घरी रेडिओ असे त्या घरी तो बहुधा एकच असे, आणि त्याची जागा बाहेरच्या खोलीत, भिंतीवरील फळीवर, भरतकाम केलेल्या आच्छादनाखाली मुक्रर झालेली असे. आत चुलीपाशी किंवा स्टोव्हपाशी गुंतलेल्या गृहिणीच्या कानी त्या ध्वनीचा जो अंश पडे, तो दोन दारे आणि मधले माजघर ओलांडून, निम्मी व्यंजने वाटेत गळून गेल्यावरच पडे. पुढे ट्रान्झिस्टर आला, तो उचलून ओट्याच्या कोपऱ्यावर ठेवता येऊ लागला, आणि ‘वनिता मंडळ’, ‘आपली आवड’, विविध भारती ही स्वयंपाकघराच्या दिनक्रमाची अंगे होऊन बसली. आज ट्रान्झिस्टरची जागा मोबाइल फोनने घेतली आहे. परंतु फोनमधील स्पीकर ट्रान्झिस्टरमधील स्पीकरच्या मानाने फारच इवला असल्यामुळे, पोलादी वाटीत फोन उभा करून आवाज वाढवण्याची युक्ती घरोघरी योजिलेली दिसते. वाटीमुळे आवाज किंचित मोठा होतो हे खरे. पण वाटीचा स्वतःचा नादही त्यात मिसळतो, आणि भीमसेन जोशी असोत की बातम्या देणारे निवेदक असोत, सर्वांचे कंठ एकाच धातूचे वाटू लागतात.

ज्या व्यक्तीचे हात आणि डोळे कामात गुंतलेले असून कान मात्र दिवसातून दोन-तीन तास मोकळे असतात, त्या व्यक्तीच्या वाट्याला घरातील सर्वांत निकृष्ट ध्वनी यावा, ही गोष्ट मला अन्यायाची वाटते. दिवाणखान्यातील दूरचित्रवाणीसाठी वीस-तीस हजार रुपयांचे ध्वनिसाहित्य घेणारे कुटुंब स्वयंपाकघरासाठी दोन हजारांचाही विचार करीत नाही, आणि क्वचित केला तरी दिवाणखान्याचेच निकष तेथे लावते. वस्तुतः स्वयंपाकघर ही श्रवणाच्या दृष्टीने अगदी निराळ्या प्रकृतीची खोली आहे. तिची प्रकृती ओळखून निवड केली, तर माफक खर्चात उत्तम बंदोबस्त होऊ शकतो. आणि ती न ओळखता केलेला मोठा खर्चही बहुतांशी वाया जातो.

ही प्रकृती कोणती हे समजण्यासाठी सव्वाशे वर्षांपूर्वीच्या एका प्रयोगाकडे जावे लागते. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात फॉग कलासंग्रहालयाचे एक नवे व्याख्यानगृह बांधले गेले, आणि त्यात वक्त्याचा शब्द श्रोत्यांस कळेना. १८९५ साली हे दुखणे दूर करण्याची कामगिरी वॉलेस सॅबिन नावाच्या तरुण अध्यापकाकडे आली. ऑर्गनची एक नळी वाजवून बंद करावयाची आणि तिचा नाद विरून ऐकू येईनासा होईपर्यंत किती काळ लागतो ते मोजावयाचे, असा त्यांचा क्रम होता. रिकाम्या सभागृहात हा काळ साडेपाच सेकंदांच्या आसपास भरला. शेजारच्या सँडर्स नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या रात्री वाहून आणून, त्या थोड्या थोड्या वाढवीत, नाद किती लवकर विरतो याची नोंद सॅबिन ठेवीत गेले, आणि त्यातून घुमण्याच्या काळाचे सूत्र हाती आले: खोलीचे घनफळ जितके अधिक तितका नाद अधिक काळ रेंगाळतो, आणि नाद शोषून घेणारे पृष्ठभाग जितके अधिक तितका तो लवकर शमतो. शोषणाचे माप म्हणून त्यांनी जी वस्तू पुढे ठरविली ती अत्यंत साधी होती. ती म्हणजे उघडी खिडकी. कारण उघड्या खिडकीवर पडलेला ध्वनी परत येत नाही.

आता हेच सूत्र आपल्या शहरी सदनिकेतील स्वयंपाकघरास लावून पाहू. खोली ३ मीटर लांब, २.५ मीटर रुंद आणि २.८ मीटर उंच आहे असे धरले, तर घनफळ २१ घनमीटर होते आणि भिंती, छत व जमीन मिळून सुमारे ४६ चौरस मीटर पृष्ठभाग मिळतो. जमिनीवर लादी, भिंतींवर चकचकीत टाइल, ओट्यावर कडप्पा किंवा ग्रॅनाइट, मांडणीवर पोलादी भांडी. पडदा नाही, गालिचा नाही, गादी नाही. या कठीण पृष्ठभागांवर पडलेल्या ध्वनीपैकी शेकडा दोन-तीन भागच शोषला जातो. माणसे, धान्याची पोती, लाकडी दारे यांची भर धरून सरासरी शेकडा पाच मानली, तरी घुमण्याचा काळ दीड सेकंदाच्या घरात जातो. गाद्या-पडद्यांच्या बैठकीच्या खोलीत तो अर्ध्या सेकंदाच्या आसपास असतो. बोलण्यातील एक अक्षर साधारण सेकंदाच्या पाचव्या हिश्शात संपते, आणि त्यानंतर लगेच दुसरे येते. खोलीत पहिल्याचा नाद रेंगाळत असतानाच दुसरे उच्चारले जात असल्यामुळे अक्षरावर अक्षर चढते. पाककृती सांगणारी व्यक्ती ‘पाच’ म्हणाली की ‘सात’, हे कळेनासे होते ते यामुळेच. कारण दोन्ही शब्दांतील ‘आ’ हा स्वर एकच असून भेद आहे तो केवळ व्यंजनांचा, आणि व्यंजने ही स्वरांपेक्षा कितीतरी दुबळी असतात.

सॅबिनच्या सूत्राचा एक लाभ असा, की त्यावरून बिनखर्चाचा पहिला उपाय तत्काळ निघतो. एक चौरस मीटरची खिडकी उघडली, की वरील खोलीचा घुमण्याचा काळ दीड सेकंदावरून जवळजवळ एक सेकंदावर येतो. दाराला जाड पडदा, मांडणीच्या एका फळीवर कापडी पिशव्या, पायाखाली ज्यूटची चटई एवढे जरी केले, तरी फरक कानाला जाणवतो. पण त्याहून महत्त्वाचा निष्कर्ष स्पीकरच्या जागेविषयीचा आहे. अशा खोलीत स्पीकरपासून एक-दीड फुटापलीकडे गेले, की त्यातून थेट येणाऱ्या ध्वनीपेक्षा भिंतींवरून परतलेला ध्वनीच अधिक भरू लागतो. सबब स्पीकर जितका ऐकणाऱ्याच्या जवळ तितका शब्द स्वच्छ. समोरच्या भिंतीच्या टोकावर, फ्रिजच्या माथ्यावर ठेवलेला मोठा स्पीकर हा हाताच्या अंतरावर ठेवलेल्या छोट्या स्पीकरहून अस्पष्ट ऐकू येतो, आणि तो अस्पष्ट आहे म्हणून आवाज वाढवला तर परतणारा ध्वनीही त्याच प्रमाणात वाढत असल्यामुळे काहीच साधत नाही.

यानंतर प्रश्न येतो कोलाहलाचा. गॅसवरची चिमणी पूर्ण वेगात असताना सुमारे ६० डेसिबल आवाज करते, आणि मिक्सर सुरू झाला की तोच आकडा ८५ च्या घरात किंवा त्याच्याही वर जातो. मिक्सरशी स्पर्धा करण्याचा मोह कोणीही धरू नये. ८५ डेसिबलच्या वरचा आवाज तासन्‌तास कानांवर पडणे हे श्रवणशक्तीस अपायकारक आहे, आणि चटणी वाटून होईपर्यंत गाणे थांबवणे हाच तेथे शहाणपणाचा मार्ग होय. चिमणीची गोष्ट वेगळी. तिच्या घरघरीवर शब्द उमटावयाचा तर तो तिच्याहून दहा-पंधरा डेसिबलने वरचढ हवा, म्हणजे कानाशी ७५ डेसिबल पुरतात. मामुली प्रतीचा स्पीकर एक वॉट शक्तीवर एक मीटर अंतरावर ८५ डेसिबल आवाज देतो, आणि शक्ती दहापट घटवली की आवाज दहा डेसिबलने उतरतो. म्हणजे ७५ डेसिबलला वॉटचा दहावा हिस्सा पुरेसा झाला. संगीतातील एखादी चढती तान किंवा तबल्याचा ठोसर ठेका यासाठी आणखी पंधरा डेसिबलची सवड राखली, तरी हिशेब तीन-साडेतीन वॉटच्या पुढे जात नाही.

हा हिशेब मी मुद्दाम सविस्तर मांडला, कारण बाजारात खोक्यांवर छापलेले वॉटचे आकडे पाहून ग्राहक भांबावून जातो. ‘पीएमपीओ’ या अक्षरांपुढे शेकड्यांनी, कधी हजारांनी लिहिलेले वॉट हे क्षणभराच्या कल्पित शिखराचे आकडे असतात, त्यांची कोणतीही सर्वमान्य मोजणी नाही, आणि त्यांवरून वस्तूच्या गुणाविषयी काहीही निष्पन्न होत नाही. ‘आरएमएस’ या अक्षरांपुढील आकडा तेवढा पाहावा. तो पाच ते दहा असला की स्वयंपाकघरापुरते काम झाले. दहा वॉटचा स्पीकर पाच वॉटच्या स्पीकरहून दुप्पट मोठा ऐकू येतो अशीही समजूत आहे. तिच्यात तथ्य नाही. शक्ती दुप्पट केली तर केवळ तीन डेसिबल वाढतात, आणि कानाला दुप्पट वाटण्यासाठी शक्ती दहापट लागते.

खर्जाचा मोह हा वॉटच्या मोहाचाच सख्खा भाऊ. दुकानात ज्या संचातून छातीत धडधड होईल असा ठोका निघतो तो संच भारी, अशी आपली समजूत करून दिली गेली आहे, आणि त्यासाठी सबवूफर नावाचा वेगळा डबा संचासोबत येतो. पण वर मोजलेल्या खोलीच्या लांबी, उंची आणि रुंदीमध्ये ध्वनीच्या ज्या स्थिर लहरी उभ्या राहतात, त्यांची कंपने अनुक्रमे ५८, ६२ आणि ६९ हर्ट्झच्या आसपास येतात. तिन्ही मापे एकमेकांच्या निकट असल्यामुळे तिन्ही लहरी एकाच पट्ट्यात गर्दी करतात, आणि त्या पट्ट्यातील प्रत्येक ठोका खोलीत फुगून बसतो. त्यातच मांडणीवरील ताटे, वाट्या आणि डब्यांची झाकणे त्या कंपनांनी खणखणू लागतात. शिवाय खर्जाचा मोठा ध्वनी आपल्याहून वरच्या स्वरांना झाकून टाकतो, हा श्रवणेंद्रियाचा धर्मच आहे. तेव्हा खर्ज वाढवून आपण व्यंजनांची उरलीसुरली स्पष्टताही घालवून बसतो.

आणि आपल्या गाण्याला त्या खोल खर्जाची गरज तरी किती आहे? काळी एकचा षड्ज लावून गाणाऱ्या पुरुष गायकाचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा असतो, आणि मंद्र पंचमापर्यंत तो उतरला तरी १०४ हर्ट्झच्या खाली जात नाही. काळी चारमध्ये गाणाऱ्या स्त्रीचा षड्ज तर २०८ हर्ट्झच्या आसपास. तबल्याच्या डग्ग्याची घुमार याच्याही थोडी खाली जाते. पण येथे निसर्गाने मानवी कानाला एक विलक्षण सामर्थ्य दिले आहे. मूळ स्वर नाहीसा केला आणि त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वर शिल्लक ठेवले, तरी कान त्या उपस्वरांतून मूळ स्वराची उंची ओळखतो. चार इंची स्पीकरच्या जुन्या ट्रान्झिस्टरवर भजनातील पखवाज ओळखू येत असे तो याच सामर्थ्यामुळे. तात्पर्य, १०० हर्ट्झपर्यंत प्रामाणिकपणे उतरणारा स्पीकर स्वयंपाकघरास पुरेसा आहे, आणि त्यासाठी तीन ते चार इंच व्यासाचा पडदा असावा लागतो. मुठीत मावणाऱ्या दीड इंची स्पीकरला हे जमत नाही; अशा स्पीकरमधील यंत्रणा हळू आवाजात खर्ज कृत्रिमरीत्या वाढवते आणि आवाज चढवला की तोच खर्ज निमूटपणे काढून घेते, त्यामुळे मोठ्या आवाजात त्याचा सूर कर्कश होतो.

एक स्पीकर घ्यावा की दोन, हा पुढचा प्रश्न. अ‍ॅलन ब्लमलाइन या इंग्रज अभियंत्याने १९३१ साली ज्या द्विमार्गी ध्वनीच्या पेटंटसाठी अर्ज केला, त्या ध्वनीत उजवी-डावी बाजू उमटण्यासाठी श्रोता दोन स्पीकरांपासून सारख्या अंतरावर, समभुज त्रिकोणाच्या शिरोबिंदूवर, स्थिर बसलेला असावा लागतो. स्वयंपाक करणारी व्यक्ती सिंकपासून गॅसपर्यंत, गॅसपासून फ्रिजपर्यंत सतत फिरत असते. तिला तो त्रिकोण कधीच लाभत नाही, उलट एका स्पीकरपाशी गेली की दुसऱ्यातील वाद्ये हरवतात. म्हणून माझी शिफारस स्पष्ट आहे: त्याच पैशात दोन हलके स्पीकर घेण्यापेक्षा एक चांगला घ्यावा. मात्र त्या एकातून दोन्ही मार्गांचा ध्वनी एकत्र येत आहे याची खात्री करावी, कारण साठ-सत्तरच्या दशकातील काही ध्वनिमुद्रणांत गायक एका बाजूस आणि वाद्ये दुसऱ्या बाजूस अशी सरळ वाटणी केलेली असते. बहुतेक सर्व मोबाइल फोनांच्या सेटिंगमध्ये ‘मोनो ऑडिओ’ची सोय असते, ती चालू करणे पुरते. अ‍ॅम्प्लिफायरच्या दोन मार्गांच्या तारा एकत्र जोडून हे साधण्याचा प्रयत्न मात्र कदापि करू नये, त्याने अ‍ॅम्प्लिफायर जळतो.

आता प्रत्यक्ष खरेदी. सर्वांत सुटसुटीत मार्ग म्हणजे दोन ते चार हजार रुपयांत मिळणारा, बॅटरीवर चालणारा ब्लूटूथ स्पीकर. त्यावर ‘आयपीएक्स ५’ किंवा ‘आयपी ६७’ अशी जी अक्षरे असतात ती पाण्यापासूनच्या संरक्षणाची हमी होय: शेवटचा अंक ४ म्हणजे शिंतोडे सोसणारा, ५ म्हणजे पाण्याची धार सोसणारा, ७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास टिकणारा. स्वयंपाकघरास ४ हा अंकही चालतो. पण ही परीक्षा स्वच्छ पाण्याने घेतलेली असते, फोडणीच्या तेलकट वाफेने नव्हे, हे विसरता कामा नये. ब्लूटूथची लहर २,४०० ते २,४८३ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात वाहते आणि मायक्रोवेव्ह भट्टी सुमारे २,४५० मेगाहर्ट्झवर तापते. भट्टी सुरू होताच गाणे अडखळू लागले तर दोष स्पीकरचा मानू नये, स्पीकर आणि फोन भट्टीच्या एकाच बाजूस आणि परस्परांच्या जवळ ठेवावेत.

या प्रकारात एका गोष्टीकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते, ती म्हणजे कळ. कणीक मळताना किंवा मासे साफ करताना स्पर्शाने चालणारा गुळगुळीत पृष्ठभाग कामाचा नाही. ओल्या बोटाला तो दाद देत नाही आणि पाण्याच्या थेंबाने आपोआप चालू-बंद होतो. न बघता मनगटाने किंवा कोपराने दाबता येईल असे उठावाचे बटण, त्याहून उत्तम म्हणजे फिरवण्याची गोल कळ, ज्यावर आहे तो स्पीकर स्वयंपाकघरासाठी अव्वल समजावा. ‘सारेगामा’ कंपनीने २०१७ साली ५,००० जुनी गाणी आत भरून जो ‘कारवाँ’ नावाचा रेडिओसारखा संच बाजारात आणला, त्याची मराठी गाण्यांची आवृत्तीही मिळते. घरातील वडीलधाऱ्यांस फोन न हाताळता केवळ कळ फिरवून आशा भोसले किंवा सुधीर फडके ऐकता येतात, हा त्याचा मोठा गुण आहे. त्याची किंमत मात्र नुसत्या स्पीकरच्या मानाने अधिक पडते.

ज्यांच्या माळ्यावर जुन्या कॅसेट डेकचे लाकडी किंवा भुशाच्या फळ्यांचे स्पीकर पडून असतील, त्यांना मी दुसरा मार्ग सुचवीन, आणि माझे मन खरोखर याच मार्गाकडे अधिक ओढ घेते. तळहाताएवढा ‘डी’ वर्गाचा अ‍ॅम्प्लिफायर, ब्लूटूथसहित, दोन-अडीच हजारांच्या आत मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळतो. ध्वनिसंकेताची शक्ती वाढवताना तो फार थोडी वीज उष्णतेच्या रूपाने वाया घालवतो, म्हणून बंदिस्त कपाटातही फारसा तापत नाही. जुन्या स्पीकरची जाळी काढून पडद्याची कड आधी तपासावी. ती रबराची असेल तर चिंता नाही. फोमची असेल तर मुंबई-कोकणच्या दमट हवेत काही वर्षांनी तिचा चुरा होतो, आणि बोट लावताच ती तुटते. पण तुटली म्हणून स्पीकर टाकून देण्याचे कारण नाही, कड किंवा कोन बदलून देणारे कारागीर अद्याप या बाजारांत आहेत. पाच इंची पडद्याचा असा एक डबा, दुरुस्तीचा खर्च धरूनही, त्याच किमतीच्या कोणत्याही नव्या मुठीएवढ्या स्पीकरहून मनुष्याचा कंठ अधिक खरा ऐकवतो. अडचण एवढीच की त्याला जागा लागते.

ती जागा ओट्याच्या समोर, गॅसच्या बर्नरपासून निदान एक मीटर बाजूस, कानाच्या उंचीच्या फळीवर असावी. कोपऱ्यात ठेवलेल्या स्पीकरचा खर्ज तिन्ही पृष्ठभागांच्या साहाय्याने फुगतो, म्हणून कोपरा टाळावा. भिंतीपासून वीतभर पुढे ठेवणे चांगले. डब्याखाली रबराचे चार तुकडे घातले की फळीवरील बरण्या वाजत नाहीत. गॅसच्या वरची फळी कोणत्याही स्थितीत वर्ज्य होय: तेथे तेलाची वाफ तर चढतेच, शिवाय लिथियमच्या बॅटरीला ४५ अंश सेल्सियसच्या वर भारित करणे धोक्याचे असते आणि चुलीवरची हवा ती मर्यादा सहज ओलांडते. विजेवर चालणाऱ्या संचाची तार सिंकवरून ओढू नये, आणि स्वयंपाकघराच्या जोडणीवर ३० मिलिअँपिअर गळतीला तुटणारा स्विच नसेल, तर स्पीकर घेण्याआधी तो इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्यावा.

दुकानात परीक्षा घेताना ढोल-ताशाचे गाणे लावण्याचा आग्रह विक्रेता धरील. तो मान्य करू नये. आकाशवाणीच्या बातम्या लावाव्यात, आवाज निम्म्याहून खाली ठेवावा, स्पीकरकडे पाठ करून चार पावले चालावे, आणि आकडे, गावांची नावे, ‘श’ आणि ‘स’ यांतील भेद कळतो की नाही ते पाहावे. त्यानंतर एखाद्या परिचित गायिकेचा तार षड्ज लावून तो कानाला टोचतो का याची चाचणी घ्यावी. परत घेण्याची मुदत दुकानदाराकडून लेखी मागून घ्यावी आणि त्या मुदतीत, चिमणी चालू असताना, कुकरच्या शिट्ट्या होत असताना, खिडकी उघडी आणि मिटलेली अशा दोन्ही स्थितींत, घरात जी व्यक्ती स्वयंपाक करते तिनेच तो ऐकून पसंत-नापसंतीचा निर्णय द्यावा.